चांदी ऐकणारे टिचकीराव

माझ्या ताईचा नवरा टिचकी मारून बघितल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाही. कलिंगड, माठ, कपाटाची फळी, दुकानातली नवी बादली, सगळ्यांना त्यांची टिचकी खावी लागते. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला टिचकी मारली आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "गिलावा सुटलाय. आतून पोकळ वाजतोय." वडिलांनी ते फार मनाला लावून घेतलं. ताईने मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं की लग्न करायचं तर ह्याच माणसाशी. मी म्हटलं, बघ बाई, हा तुझं डोकंसुद्धा वाजवून बघेल. ताई म्हणाली, "बघू दे. माझं भरलेलं आहे." महिनाभरात गिलावा खाली आला आणि वडिलांचा विरोधही त्याच्याबरोबर आला.

कारखान्यात त्यांना सगळे टिचकीराव म्हणत. मी भाऊजी म्हणते. कारखाना डबाबंद वाटाण्यांचा, मक्याचा आणि अननसाच्या चकत्यांचा. डबे उकळून, गार करून थप्प्या लागल्या की भाऊजी हातात एक बारीक पोलादी काडी घेऊन फिरायचे. काडीच्या टोकाला गोळी. प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकदा टक्. डबा नीट बंद असेल तर आवाज आखूड आणि स्वच्छ यायचा. आत हवा शिरली असेल तर थप्प. थप्प वाजलेला डबा बाहेर. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं. आपल्या हातून निसटलेल्या डब्यामुळे कुणाचं पोट बिघडलं नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात. ज्यांचं बिघडलं ते सांगायला आले नसतील, असं मी सांगते.

अशा माणसाला जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद लागला, त्याला कारण त्यांचं बंद पडलेलं घड्याळ. ते दुरुस्तीला घेऊन गेले ते भिंगवाल्याच्या दुकानात. जुनी घड्याळं, कुलपं, पोस्टाची तिकिटं आणि नाणी असं सगळं त्या अरुंद दुकानात कोंबलेलं, आणि मालकाच्या गळ्यात कायम एक भिंग लोंबत असे, म्हणून भिंगवाला. तो घड्याळ उघडून बसला होता तेवढ्यात भाऊजींची बोटं वळवळायला लागली. काउंटरवर एक मोठं काळपट नाणं पडलं होतं. स्पेनच्या कुठल्याशा राजाचं, दोन खांब आणि मधे समुद्राच्या लाटा असलेलं. भाऊजींनी ते बोटाच्या टोकावर तोललं आणि खिशातल्या पेन्सिलीने कडेला टिचकी मारली.

आता हे त्यांच्याच शब्दांत ऐकण्यासारखं आहे. "अगं, मी जन्मभर टक् आणि थप्प ऐकलेलं. आवाज निघाला की संपला. हा निघाला आणि चालूच राहिला! मी भिंगवाल्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय, आणि आवाज आपला मधे उभा." हे सांगताना दरवेळी त्यांचे डोळे पाणावतात. मी चेष्टा करते, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा तेव्हा हेवा वाटतो. मला एवढा आनंद अजून कुठल्या वस्तूने दिलेला नाही.

घड्याळ दुरुस्त झालं की नाही ते कुणाला आठवत नाही. नाणं मात्र घरी आलं आणि त्यामागून आणखी आली. फुगीर कॉलरीतून डोकं वर काढणारे जर्मन सरदार. लांब नाकाच्या, दुहेरी हनुवटीच्या राण्या. आयाळ पिंजारलेले डच सिंह, ज्यांच्यातले निम्मे झिजून कुत्र्यासारखे दिसायला लागले आहेत. दोन-चार शतकं परक्या मुलखांतून, परक्या खिशांतून फिरत फिरत ही मंडळी शेवटी माझ्या ताईच्या साड्यांच्या कपाटात येऊन राहिली. ताईने विरोध केला नाही. ती म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे संध्याकाळी कुठे जातात ते शोधावं लागतं. माझा भिंगवाल्याकडे जातो."

जाच व्हायचा तो रविवारी दुपारी. तेव्हा नाणी ऐकायचा कार्यक्रम असे. खिडक्या बंद, पंखा बंद, ताईचा मिक्सर बंद. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते आणि पडदे शिवते. माझ्या मशीनचा आवाज म्हणे वर जातो, म्हणून माझं मशीनही बंद. मग वरून एकेक नाणं वाजायचं. किण्ण, आणि मग बराच वेळ काही नाही. पुन्हा किण्ण. गिऱ्हाइकाचे पडदे अर्धवट टाकून मी घामाघूम होऊन छताकडे बघत बसायची आणि मनातल्या मनात सगळ्या युरोपला शिव्या द्यायची.

भाऊजी निवृत्त झाले तसा त्यांचा मुक्कामच भिंगवाल्याकडे पडला. दोघांचं अगदी मेतकूट. नाणं विकत घ्यायची त्यांची ठरलेली पद्धत होती. आधी भिंगवाला तोलून, भिंगातून बघून वजन आणि माप सांगायचा. मग भाऊजी टिचकी मारायचे. शिसं घालून वजन जमवता येतं, शिक्का हुबेहूब उठवता येतो, पण चांदीचा आवाज उसना आणता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत. भाऊजींच्या टिचकीशिवाय त्या दुकानात चांदीचं नाणं ना येत असे, ना जात असे.

आणि मग तो जंगली माणूस आला.

जंगली माणूस म्हणजे एका जर्मन नाण्यावरचं चित्र. उघडाबंब, दाढीवाला, कमरेला पानं गुंडाळलेला आडदांड बुवा, हातात मुळासकट उपटलेलं झाड. हे नाणं मिळावं म्हणून भाऊजी कित्येक वर्षं झुरत होते. भिंगवाल्याने ते कुठूनतरी पैदा केलं. पैशांत काही भाऊजींना परवडलं नसतं, म्हणून अदलाबदल ठरली. भाऊजींनी त्याबदल्यात आपली तीन नाणी दिली. त्यातलं एक घोडेस्वाराचं. तसली त्यांनी पूर्वी पुष्कळ वाजवलेली, पण हे अलीकडेच एका प्रदर्शनात स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं आणि फार लाडकं. ते देताना त्यांचा जीव तुटत होता. पण जंगली माणसापुढे घोडेस्वार काय करणार!

त्या दिवशी दुकानासमोर रस्ता खोदायचं काम चालू होतं. ड्रिल मशीन असं काही थडथडत होतं की काउंटरवरची कुलपंसुद्धा नाचत होती. टिचकी ऐकू येणं शक्यच नव्हतं. "घरी जाऊन ऐकतो," भाऊजी म्हणाले. "ऐक की, पळून थोडाच चाललोय," भिंगवाला म्हणाला.

रविवारी खिडक्या, पंखा, मिक्सर, मी, सगळं बंद झालं. भाऊजींनी नेहमीची नाणी वाजवली. प्रत्येकाला मान डोलावली. मग जंगली माणसाला बोटावर उभं केलं आणि टिचकी मारली.

"थप्प," ते म्हणाले. ताईला वाटलं, नाणं पडलं. "थप्प वाजतंय गं. शिसं आहे हे."

आमच्या भाऊजींना राग येत नाही. लोक रांगेत घुसतात, शेजारी कचरा ठेवतात, हे हसतात. पण त्या दिवशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते पायात चपला न घालता भिंगवाल्याकडे गेले. त्याचं घर दुकानाच्याच वर होतं. त्याला जिन्यावरून खाली बोलावून, रस्त्यातल्या लोकांसमोर त्यांनी विचारलं, "मला, मला डबा विकलास तू? सगळ्या जगात मीच सापडलो?"

भिंगवाला आधी हसला. मग त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "वजन बरोबर होतं रे."

"वजन जमवता येतं, हे तुला मी सांगू?"

"तुझी नाणी परत घेऊन जा मग."

"तुझ्या हातची नाणी नकोत मला. काय काय गळ्यात मारलं असशील इतकी वर्षं, देव जाणे."

हे मात्र फार झालं. भिंगवाला नाणं भाऊजींच्या हातात तसंच ठेवून जिना चढून गेला.

त्यानंतर भाऊजींची संध्याकाळ संपली. म्हणजे ती रोज यायची, पण तिचं काय करायचं हे त्यांना कळायचं नाही. गॅलरीत उभे राहायचे, कठड्याला टिचक्या मारायचे, आत यायचे. रविवारचा कार्यक्रम बंद पडला. मला दुपारभर मशीन चालवायला मिळालं आणि गंमत बघा, मला ते अजिबात आवडलं नाही. ताई एकदा जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "अगं, नाण्याचं मरो. ह्यांना दुसरा मित्र नाही. ह्या वयात आता कुठून आणायचा?" ताई सहसा रडत नाही. त्या दिवशी रडली.

मी दोराचे रीळ आणायला त्या रस्त्याने जायची. एक दिवस बघते तर भिंगवाल्याच्या काचेच्या कपाटातून चांदीची सगळी नाणी गायब. राहिली होती ती तिकिटं आणि गंजकी कुलपं. मी काय समजायचं ते समजले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! घरी येऊन ताईला तसं सांगितलंसुद्धा.

ताईने मग जंगली माणसाला घरातून हाकलायचं ठरवलं. भाऊजींनी तो खिळ्यांच्या डब्यात फेकला होता, तिथून तिने तो काढला आणि खाली माझ्याकडे आणून दिला. "तू पडद्याच्या कडेत वजनाला शिसं घालतेस ना? हे घाल. निदान कुणाच्या घरी पडदा तरी सरळ पडेल."

मला कल्पना पसंत पडली. एका दंतवैद्याच्या दवाखान्याचे पडदे शिवायला घेतले होते. कड दुमडली, खिसा केला, जंगली माणूस उचलला आणि आत सरकवताना तो माझ्या कात्रीच्या पात्यावर आपटला.

किण्ण.

मी मशीनवरचा पाय काढला. तो आवाज माझ्या खोलीत उभा राहिला. इतकी वर्षं मी छतातून जे ऐकत होते ते ह्याच्यापुढे काहीच नव्हतं. पडदा तसाच खांद्यावर टाकून मी वर धावले.

"भाऊजी, हे वाजतंय!"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला नाही कळत. पण मी बहिरी नाही!"

हे आपलं माझ्या तोंडून निघून गेलं. ताई ओट्यापाशी होती, तिने वळून भाऊजींकडे बघितलं. आणि मग माझ्याही डोक्यात तेच आलं जे तिच्या आलं होतं. दाराची घंटा वाजली तरी हल्ली हे बसूनच असतात. पूर्वी आवाजावरून पक्षी ओळखायचे, आता त्यांच्याबद्दल बोलत नाहीत. फोन वाजला की आपल्याला सांगावं लागतं. आम्हाला वाटायचं, आळस.

"पाठ फिरवा," मी म्हटलं. "मी वाजवते. तुम्ही कुठलं नाणं ते ओळखायचं."

ते हसले. आवाजावरून नाणं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मी मुद्दाम त्यांचं सगळ्यात पहिलं नाणं घेतलं, दोन खांब आणि लाटांचं. ते बोटावर तोललं, पेन्सिलीने टिचकी मारली. सुरेख वाजलं. ताईने डोळे मिटून घेतले.

भाऊजी वाट बघत होते.

"वाजव ना," ते म्हणाले.

ताईने तोंडाला पदर लावला. मी पुन्हा टिचकी मारली, जरा जोरात. ते तसेच भिंतीकडे बघत बसलेले, मान किंचित तिरकी, आता येईल मग येईल अशी. त्यांच्या पाठीकडे बघून मला जे वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी नाणं ठेवलं आणि म्हटलं, "भाऊजी, खांबांचं नाणं दोनदा वाजवलं."

ते मग म्हणाले, "पण त्याचा तर मला दर रविवारी यायचा ऐकू."

येत असणारच. जुन्या नाण्यांचे आवाज त्यांना पाठ होते. टिचकी बघितली की त्यांच्या डोक्यात ते आपोआप वाजत होते. जंगली माणसाचा आवाज मात्र त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, मग आठवणार कुठून?

कान तपासून झाले. वयाने आणि कारखान्याच्या गोंगाटाने बारीक, उंच आवाज गेले होते. बोलणं ठीक ऐकू येत होतं, चांदी येत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं सुचवलं. भाऊजी म्हणाले, "ते नंतर. आधी माझं एक काम आहे," आणि मला म्हणाले, "तू चल. मी काही कमी बोललो तर ढोसणी दे."

दुकानात भिंगवाला एकटाच कुलूप पुसत बसला होता. वाळला होता. त्याने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कुलूप पुसायला लागला. "काय पाहिजे?"

भाऊजी वाटेत घोकलेलं सगळं भाषण विसरले. त्यांनी जंगली माणूस काउंटरवर ठेवला. "खरं आहे. माझं चुकलं."

मला वाटलं आता हा उसळणार, निदान टोमणा तरी मारणार. त्याने कुलूप ठेवलं. दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि अगदी हळू विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"तू ऐकलंस?"

"मी नाही. हिने. माझे कान गेलेत रे. तेच सांगायला आलो."

भिंगवाला स्टुलावर बसला. "तुझेही?"

"तुझेही म्हणजे?"

"माझे कधीच गेलेत. तू निवृत्त व्हायच्या किती तरी आधी."

भाऊजी म्हणाले, "मग इतकी वर्षं आपण नाणी ऐकत होतो ते?"

"तू ऐकायचास. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. टिचकी मारलीस की तुझ्या कपाळावरच्या आठ्या जायच्या, तोंड जरासं उघडं पडायचं. तसं झालं की नाणं खरं. माझा सगळा धंदा तुझ्या तोंडावर चालला होता." त्याने गळ्यातलं भिंग उगीचच पुसलं. "त्या दिवशी ड्रिलमुळे तुझं तोंड बघायला मिळालं नाही. तू खोटं म्हणालास तेव्हा मला वाटलं, असेलही. मी कशाच्या जोरावर नाही म्हणणार? मग वाटलं, बाकीचीही असतील. सगळी आत ठेवून दिली. खात्री नसलेला माल कसा विकू?"

काचेच्या रिकाम्या कपाटाचा मी काय अर्थ लावला होता ते मी कुणाला बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, कारण तेवढ्यात भिंगवाल्याने आतून नाण्यांचा ट्रे आणून माझ्यासमोर ठेवला. "वहिनींची धाकटी बहीण ना तुम्ही? बसा."

मी बसले. दोघेही म्हातारे काउंटरवर कोपरं टेकवून पुढे वाकले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. असं मला जन्मात कुणी निरखलं नसेल. एकेक नाणं मी बोटावर घेतलं आणि टिचकी मारली. किण्ण. त्यांना आवाज येत नव्हता, पण माझं तोंड बघून दोघांचे चेहरे एकदमच खुलायचे. फुगीर कॉलरचा सरदार, खरा. दुहेरी हनुवटीची राणी, खरी. सिंह, झिजलेला पण खरा. भिंगवाल्याच्या अंगात नाण्यागणिक जीव येत होता. भाऊजी ट्रेवरून त्याच्याकडे बघून हसत होते आणि तोही आता हसत होता.

मग घोडेस्वार आला. भाऊजींनी अदलाबदलीत दिलेला, प्रदर्शनातून स्वतः पारखून आणलेला लाडका घोडेस्वार. मी टिचकी मारली.

थप्प.

मी तोंड सांभाळायचा प्रयत्न केला. पण मला ते कधीच जमत नाही, आणि ते दोघे तर माझ्या तोंडाकडेच डोळे लावून बसलेले. दोघांनीही एकदमच ओळखलं.

भाऊजींनी नाणं माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं. त्यांचा चेहरा पार पडला. "हे माझं आहे," ते म्हणाले. "हे मी दिलंय तुला." मग उभे राहिले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, "रस्त्यात उभं करून मी तुला बोललो. आता तू मला बोल. चल बाहेर, लोकांसमोर बोल."

भिंगवाल्याने कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

"म्हटलं, शिव्या दे मला! खोटं नाणं मी दिलंय!" भाऊजी ओरडून म्हणाले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

भिंगवाला कानामागचा हात न काढता आणखी पुढे वाकला. त्याचे डोळे भरले होते.

"नाही बुवा," तो म्हणाला. "काही ऐकू येत नाही."

भाऊजी खुर्ची ओढून घेऊन बसले.